नुसतं ऐकायची परीक्षा

एरिबेर्तो कांतू हे नाव बापाने मोठ्या हौसेने ठेवलं होतं. पोराने त्याची खांडोळी करून हर्ब करून टाकलं. हर्ब म्हणजे इंग्रजीत कोथिंबीर-पुदिन्यासारखा पाला. माणसाने स्वतःहून स्वतःला जुडी म्हणवून घ्यावं, आता याला काय म्हणायचं? टेक्सासच्या दक्षिण टोकाला, नदीपलीकडे मेक्सिको दिसतो अशा सान एलोय गावात त्याला हर्ब म्हणणारा माणूस एकच होता, तो स्वतः. बाकी सगळं गाव त्याला बेतो म्हणायचं. तेव्हा आपणही बेतोच म्हणू. त्याचे लाड करायला त्याची आई होती तेवढी पुरे.

हे हर्बचं खूळ कुठून सुरू झालं तेही सांगायला हवं. बेतो सहावीत असताना एकदा डबा घरी विसरला. त्याची आई ओफेलिया कांद्याच्या शेडमध्ये कामाला. पट्ट्यावरून कांदा पुढे सरकत असतो, त्यातला सडका हाताने बाजूला काढायचा. ती कामावरच्याच ॲप्रनमध्ये शाळेच्या फाटकाशी आली आणि सगळ्या पोरांसमोर हाक मारली, "बेतो! अरे राजा, डबा राहिला ना तुझा!" पोरं फिदीफिदी हसली. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या आया त्याच शेडमध्ये त्याच पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला उभ्या असायच्या. पोरं हसली आणि विसरून गेली. बेतो मात्र विसरला नाही. त्या दिवसापासून त्याने स्पॅनिशमध्ये तोंड उघडलं नाही. घरातली 'अमा' होती तिची 'मॉम' झाली. आई स्पॅनिशमध्ये विचारणार, हा इंग्रजीत उत्तर देणार. बाप आदल्याच वर्षी वारला होता, नाहीतर एक मुस्काटात बसली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

औषधाच्या दुकानातली गोष्ट तर साऱ्या गावाला ठाऊक आहे. ओफेलिया त्याला म्हणाली, "बेतो, या मुलीला विचार रे, ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर." हा काउंटरवरच्या मुलीला इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, मला स्पॅनिश येत नाही." त्या मुलीचं नाव येसेनिया. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ ओफेलियाला सांगितलं, "जेवणानंतर, मावशी. आणि याला काय धाड भरली?"

"लाजतो गं," ओफेलिया म्हणाली. "बोलत नाही, पण ऐकतो सगळं."

हे वाक्य तिने शेडमध्ये, चर्चमध्ये, बाजारात कितीदा म्हटलं असेल देव जाणे. आणि ती नुसती लोकांचं तोंड बंद करायला म्हणत नव्हती, तिचा त्यावर विश्वास होता. रोज संध्याकाळी तव्यावर तोर्तिया भाजता भाजता ती त्याच्याशी बोलायची. शेडच्या मुकादमाने कुणाला काय सुनावलं, नदीपलीकडच्या बहिणीचा गुडघा कसा आहे, बेतोच्या बापाने तिला पहिल्यांदा नाचायला विचारलं तेव्हा त्याच्या सदऱ्याचं बटण कसं तुटलेलं होतं, सगळं. ज्या गोष्टी बाई सख्ख्या बहिणीला सांगणार नाही त्याही. बेतो टेबलाशी बसून खायचा आणि मधूनमधून म्हणायचा, "हो, मॉम. ठीक आहे, मॉम." तेवढ्यावर त्या बाईचं पोट भरायचं.

शाळा संपली. सान एलोयमध्ये शाळा संपलेल्या पोराला एकतर कांद्याची शेड असते, नाहीतर लष्कर. बेतोने लष्कर निवडलं, पण सगळी पोरं जातात तसं जाणं त्याला मानवेना. हुद्द्याची फीत नसलेला कोरा दंड घेऊन साधा शिपाई व्हायचं? कुणीतरी उठ म्हणणार, कुणीतरी बस म्हणणार, आणि शेजारी ओळीत कोण उभं, तर पलीकडून आलेला, इंग्रजीत अडखळणारा एखादा पोरगा! त्याला वाटायचं, आपल्यात नि त्यांच्यात काहीतरी फरक दिसला पाहिजे, आणि तो लांबून दिसला पाहिजे.

भरतीचं ऑफिस म्हणजे नखं रंगवायचं दुकान आणि धोबीखाना यांच्या मधला एक गाळा. तिथे सार्जंट टॉलिव्हर बसायचा. टेनेसीचा गडी, मान बैलासारखी, पण मनाने सरळ. सान एलोयमध्ये आल्यावर त्याने स्वतःहून मोडकंतोडकं स्पॅनिश शिकून घेतलं होतं आणि पोरांच्या आयांशी तो हातवारे करत बेधडक बोलायचा. त्याने बेतोला भिंतीवरचा तक्ता दाखवला. कॉलेजचे चोवीस क्रेडिट असतील तर भरती होतानाच दंडावर एक फीत. अठ्ठेचाळीस असतील तर दोन.

"कॉलेजात दोन वर्षं कोण घासणार?" बेतो म्हणाला.

"घासायची कशाला? परीक्षा दे. क्लेप म्हणतात तिला. दीड तास संगणकासमोर बसायचं, पास झालास की त्या विषयाचे क्रेडिट खिशात. बुटांच्या जोडापेक्षा स्वस्त पडते."

"आणि दोन फिती असल्या की बाकीचे मला सलाम ठोकणार?"

"कोण बाकीचे?"

"साधे शिपाई."

टॉलिव्हर च्युइंगम चघळायचा थांबला. "बाळा, दोन फितीवाल्याला कुणी कुत्रंही सलाम करत नाही. फार तर तो बिनफितीवाल्याच्या हातात झाडू देतो. एवढाच फरक."

झाडू दुसऱ्याच्या हातात द्यायला मिळणार, एवढं बेतोने नेमकं ऐकलं. बाकीचं सोडून दिलं.

परीक्षेत वाईट काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला खरोखर काही येतं आणि ज्याच्याकडे कॉलेजात घालवायला वर्षं नाहीत, त्याच्यासाठी ती चांगली सोय आहे. शेडमधल्या दोघी-तिघी पोरी तिच्याच जोरावर नर्सिंगला लवकर लागल्या. पण चांगली सोय बेतोच्या हाती लागली की तिचं काय होतं ते बघा. त्याने कुठल्याशा लांबच्या कॉलेजात घरबसल्या नाव घातलं, गावच्या वाचनालयातून पातळ पातळ पुस्तकं आणली, आणि एक युक्ती पाठ केली. चार उत्तरांतली दोन दिसायलाच चुकीची असतात, ती खोडायची. उरलेल्या दोनांत जे लांबलचक असेल ते ठोकून द्यायचं. या युक्तीवर त्याने अमेरिकेचा इतिहास पार केला, समाजशास्त्र पार केलं, व्यवस्थापन पार केलं. घरात स्वतःची ताटली कधी धुतली नाही, पण व्यवस्थापनात पास! 'मानवी वाढ आणि विकास' असाही एक विषय होता. त्यातही पास झाला. वाढ कुठे दिसली नाही, पण क्रेडिट मिळाले.

आणि प्रत्येक पेपरानंतर टायरच्या दुकानाबाहेर उभं राहून गमजा. "सोळा आठवड्यांचा अभ्यासक्रम दीड तासात खलास. ही कॉलेजात जाणारी पोरं म्हणजे निव्वळ गाढवं." टायरवाले कान देत नसत. त्यांना कामं होती.

असं करता करता छत्तीस जमले. आता बारा राहिले होते, आणि ते बारा बेतोने मुद्दाम शेवटाला ठेवले होते, जेवणानंतरच्या गोडासारखे. स्पॅनिश! वरच्या पातळीला पास झालं की एका बैठकीत पुरे बारा क्रेडिट. खालच्या पातळीला त्याच्या निम्मे, पण खालच्या पातळीची गोष्ट करायची कशाला? वर आणखी एक मजा. या परीक्षेत बोलायचं नसतं. कानाला हेडफोन लावून ऐकायचं, पडद्यावर वाचायचं आणि उत्तर टिचकी मारून निवडायचं. ऐकायचं आणि जबाब द्यायचा नाही, हे तर तो घरी रोजच करत होता. लोकांना फुकट मिळत नाही ते याला मिळणार होतं, आणि ज्या भाषेची लाज वाटून तो तिला ओळखसुद्धा दाखवत नव्हता तिच्याकडून मिळणार होतं. याची त्याला काडीची शरम नव्हती.

"अभ्यास कर," टॉलिव्हर म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तुझी ट्रेनिंगला जायची बस आहे. त्याआधी कागद माझ्या टेबलावर आला तर दोन फिती. नाही आला तर नाही. आणि तो पेपर एकदा दिला की सहा महिने पुन्हा देता येत नाही, ध्यानात ठेव."

"सार्जंट, मी त्या भाषेत जन्मलोय."

"असशील. पण मी तुझ्या तोंडून तिचा एक शब्द ऐकलेला नाही. तुझी आई इथे आली की मीच तिच्याशी झटापट करतो, आणि तू खांबासारखा उभा."

"येतं हो मला. स्वयंपाकघरातली भाषा आहे ती. तिचा काय अभ्यास करायचा?"

टॉलिव्हरने खांदे उडवले. इथे आपण सार्जंटला दोष देऊ शकत नाही, त्याने सांगायचं ते सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात, पेपरच्या दोन दिवस आधी, ओफेलियाने आपल्या आयुष्यातली मोठी गोष्ट काढली. गावात डोन लिब्रादो नावाचे बेकरीवाले आहेत. बायको जाऊन बराच काळ झालेला, मुलं शिकागोला. साठीचे गृहस्थ, सावकाश बोलणारे, कानाच्या पाळीला सदा पीठ लागलेलं. वर्षभर ते दर शनिवारी गोड पावाची पिशवी घेऊन ओफेलियाच्या दारात येत होते आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हते. सगळ्या गावाला कळलं होतं, बेतो सोडून. आदल्या शनिवारी डोन लिब्रादोंनी टोपी हातात घेऊन विचारलं. ओफेलियाचे आईबाप हयात नाहीत, तेव्हा रीतीप्रमाणे विचारायचं कुणाला? तिनेच सांगितलं, "घरात पुरुष माणूस माझा मुलगा आहे. तो हो म्हणाला तर माझं हो. तो नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका."

इतका मान त्या पोराला कुणी आयुष्यात दिला नव्हता, आणि पुढेही कुणी देईल असं वाटत नाही.

सोमवारी संध्याकाळी तिने तवा उतरवला, हात पुसले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. एरवी ती बसत नसे. बेतोच्या एका कानात गाण्याची बोंडी होती आणि डोळे फोनवर. ती लाजत, टेबलावरच्या मिठाच्या भांड्याकडे बघत म्हणाली, "बेतो, डोन लिब्रादोंनी माझा हात मागितलाय. मी म्हटलं, आधी मुलाला विचारते. तू सांगशील तसं."

आता सान एलोयच्या हवेत दोन भाषा असतात आणि बेतोच्या डोक्यात एकच होती. स्पॅनिशमध्ये बाईचा हात मागितला म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. पण इंग्रजीत माणूस हात मागतो तो सामान उचलायला, मोटार ढकलायला. बेतोच्या उघड्या कानात 'लिब्रादो', 'हात', 'मागितला' एवढं शिरलं, आणि त्याने त्याचं आतल्या आत इंग्रजी करून टाकलं. बेकरीवाल्या म्हाताऱ्याला कामात मदत हवी आहे.

"दे की, मॉम," तो फोनवरची नजर न काढता इंग्रजीत म्हणाला. "दे त्याला हात. म्हातारा बिचारा एकटाच असतो तिथे."

एवढं इंग्रजी ओफेलियाला कळत होतं. दे. हात. बिचारा. एकटा. ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिने मनाची किती तयारी केली होती! तो चिडेल, बापाचं नाव काढेल, ताटलीवरून उठून जाईल. आणि हा इतक्या सहज, इतक्या मायेने बोलला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. त्याने मान झटकली, कानातली बोंडी निसटत होती.

"पोरगा मोठा झाला," तिने दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं, आणि दुपारच्या सुटीत बेकरीत जाऊन डोन लिब्रादोंना होकार दिला.

पेपर शेजारच्या मोठ्या गावातल्या कॉलेजात होता. परीक्षेच्या खोलीवर मिसेस प्रुइट नावाच्या बाई असतात, चष्मा गळ्यात, आवाज हळू. त्यांनी बेतोचं घड्याळ, फोन, पाकीट कपाटात ठेवून घेतलं, त्याला एका खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन दिले. "आवाज नीट येतो का बघून घ्या. एकदा सुरू झालं की मागे जाता येत नाही."

"गरज नाही पडणार," बेतो म्हणाला. असं म्हणणारे मिसेस प्रुइटनी खूप पाहिले असतील. त्यांनी पडदा सुरू करून दिला.

हेडफोनमध्ये बाई बोलू लागली. बोलली म्हणजे काय, धो धो कोसळली. स्वच्छ, सुरेख, भरभर, रेडिओवरच्या बातम्यांसारखी. बेतोला वाटत होतं तशी ती शेडमधल्या बायकांसारखी बोलत नव्हती. तरी पहिले काही प्रश्न सुटले. मग एका कचेरीतला संवाद आला. साहेब विचारतो कागद कुठे आहेत, आणि सेक्रेटरी म्हणते, कारपेतामध्ये. बेतो खूश झाला, हा शब्द त्याच्या घरातला होता. सान एलोयमध्ये कारपेता म्हणजे जमिनीवरचा गालिचा. इंग्रजी कार्पेटला शेपूट लावून इथल्या लोकांनी तो शब्द केव्हाचा तयार केला आहे. बाकी सगळ्या स्पॅनिश मुलखात कारपेता म्हणजे कागद ठेवायची फाइल. बेतोने बेधडक उत्तर दिलं, कागद गालिच्याखाली आहेत. सरकारी कागद गालिच्याखाली कोण ठेवतं, असा विचार त्याच्या मनात आला नाही. मेक्सिकन लोक ठेवत असतील, असं त्याला वाटलं.

पुढे एक गिऱ्हाईक तक्रार करत होतं की वेटरने आपल्याला ग्रोसेरिया ऐकवली. ग्रोसेरिया म्हणजे अचकटविचकट बोलणं, शिवी. पण सान एलोयमध्ये शनिवारी आई 'ग्रोसेरिया आणायला जाते', म्हणजे वाणसामान. तेव्हा बेतोच्या हिशेबाने वेटरने गिऱ्हाइकाला डाळ-तांदूळ-साबण दिला होता आणि गिऱ्हाईक उगाच बोंबलत होतं. वाचायच्या भागात एक मुलगी लिब्रेरियातून, म्हणजे पुस्तकांच्या दुकानातून, पुस्तक विकत घेते. याने लायब्ररी समजून तिला वाचनालयात पाठवलं आणि पुस्तक परत करायला लावलं. ज्या भाषेला तो गावंढळ म्हणून नाक मुरडत आला होता, तिच्यातले त्याला येणारे निम्मे शब्द मुळात इंग्रजीतूनच पळवलेले होते. आणि खरी भाषा, जी रोज संध्याकाळी तव्याशेजारी आयती वाढली जात होती, ती याने कानाआड केली होती. मग शेवटी शेवटी त्याने आपली जुनी युक्ती काढली, लांबलचक उत्तर ठोकून द्यायची. पण स्पॅनिशच्या पेपरात सगळी उत्तरं एकसारखीच आखूड होती.

या परीक्षेत निकालाला वाट बघावी लागत नाही. वेळ संपला आणि पडद्यावर आकडा आला, सत्तावन्न. वरच्या पातळीला त्रेसष्ट लागतात. म्हणजे खालच्या पातळीला पास, बाराऐवजी सहा, छत्तीसाचे बेचाळीस. दुसरी फीत सहा क्रेडिटने हुकली.

"मशीन बिघडलंय," तो मिसेस प्रुइटना म्हणाला.

"मशीन ठीक आहे," त्या हळूच म्हणाल्या आणि त्याचं घड्याळ त्याच्या हातात दिलं.

टॉलिव्हरने कागद पाहिला आणि हसू गालात दाबलं. "एक फीत. वाईट नाही. माझ्याकडून बरीच पोरं कोऱ्या दंडाने जातात."

"सार्जंट, ते लोक फार भरभर बोलत होते. स्पेनचे असावेत. आपल्याकडे असं बोलत नाहीत."

"तुझी आई कशी बोलते?"

बेतो आठवून बघू लागला. त्याला खरंच सांगता येईना.

घरी आला तर दारात डोन लिब्रादोंची गाडी. आत टेबलावर नवा मेणकापडाचा तुकडा, वर क्रीमचा केक, बाजूला कॉफीची किटली. डोन लिब्रादो इस्त्रीचा सदरा घालून बसले होते आणि आज कानाला पीठ नव्हतं. ओफेलियाने केस वर बांधले होते. बेतोला वाटलं, केक आपल्या पेपरचा. वाटणारच. जगात दुसऱ्या कुणाचं काही असतं हे त्याच्या गावी नव्हतं.

डोन लिब्रादो उठले. त्यांनी बेतोचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "बेतो, माझ्या वयाच्या माणसाला तू इतक्या मोठ्या मनाने हात दिलास. दुसरा मुलगा असता तर दार आपटलं असतं त्याने. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"अहो, त्यात काय," बेतो इंग्रजीत म्हणाला. त्याचं लक्ष केककडे होतं. "झालं का ते काम? ओव्हन हलवायचा होता का?"

डोन लिब्रादोंना इंग्रजी बेताचंच येतं, पण ओव्हन कळला. बेकरीवाल्याला ओव्हन कळणारच. त्यांनी गोंधळून ओफेलियाकडे पाहिलं. ओफेलियाच्या हातात केक कापायची सुरी होती, ती तिने खाली ठेवली.

"बेतो," ती म्हणाली, "पेपर कसा गेला?"

ती हे का विचारते आहे हे त्याला कळलं नाही. त्याने हात झटकले. "निम्मेच दिले. सगळा चोरांचा बाजार आहे, मॉम. बोलायचं असतं तर गोष्ट वेगळी. बोलायचं नव्हतंच काही. नुसतं ऐकायचं होतं."

"नुसतं ऐकायचं होतं?"

"हो. आणि थोडं वाचायचं."

"आणि त्यात तुला निम्मंच आलं."

"आलं ना! पास आहे मी. पण दुसरी फीत गेली."

ओफेलिया खुर्चीवर बसली. तव्याशेजारच्या सगळ्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील, मुकादम, बहिणीचा गुडघा, सदऱ्याचं तुटलेलं बटण. फितीचं तिला काही नव्हतं. एक असो, दोन असोत, नाहीतर दंड कोरा असो.

"मग मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते रे?" ती म्हणाली.

बेतो एकदा आईकडे, एकदा डोन लिब्रादोंच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे, एकदा केककडे बघत राहिला. केकवर गुलाबी क्रीमने दोन कबुतरं काढलेली होती. त्याच्या डोक्यात काहीतरी सरकू लागलं, सावकाश, जड, पण सरकलं. त्याचा चेहरा उतरला. आणि मग, सहावीनंतर पहिल्यांदा, त्याच्या तोंडून ती भाषा बाहेर पडली, अडखळत, लहान पोरासारखी.

"अमा, यांनी काय मागितलं?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्या एका 'अमा'वर ओफेलियाने जीव ओवाळून टाकला असता. डोन लिब्रादो भला माणूस, तेच पुढे झाले. "ओफेलिया, आपण त्याला पुन्हा विचारू या. नीट, समजावून. मला घाई नाही."

"नको," ओफेलिया म्हणाली. तिने किटली उचलली, आधी त्यांच्या कपात कॉफी ओतली, मग स्वतःच्या. "तुला विचारून झालंय, बेतो. तू हो म्हणालास."